तीन टाक्यांचा वळसा

सुईबाईने नव्या मशीनचा दाबपाय उचलला आणि आपली पांढरी पट्टी खाली सरकवायला गेली, तर तिथे आधीच एक पट्टी बसलेली. वीतभर कापड, त्यावर तांबड्या दोऱ्याची सरळ शिवण, आणि शेवटी डावीकडे वळलेले तीन टाके. तिने चष्मा काढला, अ‍ॅप्रनला पुसला, पुन्हा लावला. पट्टी होती तिथेच. मग तिने मान वळवून मागे कोणी उभं नाही ना ते पाहिलं, जशी काही चोरी तिनेच केली होती.

दुसरं खोकं फोडलं. त्यातही पट्टी. तिसऱ्यात, चौथ्यात, तेच. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिने अकरा खोकी फोडली आणि अकरा पट्ट्या अ‍ॅप्रनच्या खिशात कोंबल्या. डबा उघडला तो तसाच बंद केला.

एखाद्याला वाटेल, चिंधीभर कापडाचं एवढं काय! पण त्या शेडमधल्या माणसांचं पोट त्या चिंधीवरच चाललं होतं. एकेकाळी इथे चारशे माणसं शिलाई मशीन बनवायची. लोखंड ओतण्यापासून ते अंगावर सोनेरी वेलबुट्टी काढण्यापर्यंत सगळं याच आवारात. थोरले साहेब गेले, धाकटे साहेब आले, आणि एकेक खातं समुद्रापलीकडे जायला लागलं. आधी ओतकाम, मग सुटे भाग, मग जोडणी. आता मशीन तिकडून अख्खं तयार येई. इथे उरलेली नऊ माणसं त्याला नावाची पाटी लावत, तेल देत, दोऱ्याचा ताण जुळवत आणि चालवून बघत. एवढं शेवटचं काम देशात झालं, की कायद्याने त्याच्यावर 'देशी बनावट' असा शिक्का मारता येई, आणि सरकारी शिवणकाम केंद्रं घेत ती फक्त शिक्क्याची मशीनं. "लेकरू त्यांचं, आडनाव आपलं," असं सुईबाईचा नवरा म्हणायचा. हे म्हणताना तो हसायचा, पण ते हसू काही खरं नसायचं.

चालवून बघणं हे सुईबाईचं काम. एकतीस वर्षं हेच. वीतभर पट्टी शिवायची आणि मशीनच्या पायाखाली तशीच ठेवून द्यायची, म्हणजे गिऱ्हाइकाने खोकं उघडलं की तपासल्याचा पुरावा समोर. कामाच्या तक्त्यात लिहिलं होतं, 'सरळ शिवण, एक वीत'. वळसा तक्त्यात नव्हता. तो सुईबाईचा स्वतःचा. सरळ जाताना कुठलंही मशीन शहाण्यासारखं जातं, त्याची खोड कळते वळताना, हे तिला पहिल्याच वर्षी उमगलं होतं. म्हणून शिवण संपली की ती सुई कापडात रोवून ठेवायची, कापड फिरवायची आणि तीन टाके डावीकडे घ्यायची. दोरा तिथे अडकला, सैल पडला, की मशीन बाजूला. तिकडून येणाऱ्या मालात दहातली दोन तरी बाजूला निघायची, मग जोडारी मंडळी ती खोलून ठीकठाक करायची. आजच्या अकरांत एकही निघालं नव्हतं.

दुपारी ती स्टोअरकीपरकडे गेली आणि खिसा त्याच्या टेबलावर उलटा केला. स्टोअरकीपरला सगळे कुलूपराव म्हणायचे, कारण हा गृहस्थ रद्दीच्या कपाटालाही कुलूप घालायचा. त्याने पट्ट्यांकडे पाहिलं, मग उठून दार लोटून घेतलं.

"साहेबांना कळता कामा नये," तो म्हणाला.

"आणि गुरुवारी तपासनीस येणारेत, त्यांना?"

"तपासनीसाला कळलं तर शिक्का जाईल. साहेबांना कळलं तर आपण जाऊ."

ते तिलाही दिसत होतंच. पाटी लावायला आणि तेल द्यायला दोन माणसं रग्गड झाली. बाकीची सात तगून होती ती तपासणीवर. खोकी उघडणारे, चालवणारी, दुरुस्त करणारे, परत बांधणारे. माल तिकडूनच तपासून, पट्टी ठेवून येतोय, आणि ती पट्टी इथल्या पट्टीसारखीच दिसतेय, हे धाकट्या साहेबांच्या लक्षात आलं तर ते खोकी उघडायची तरी कशाला? पाटीसुद्धा तिकडेच लागली असती. शिक्का मात्र इथे बसला असता, आणि कोणाच्या बापाला कळलं नसतं.

धाकटे साहेब मनाने वाईट होते असं म्हणणं पाप ठरेल. माणूस सरळ होता, आणि तीच भीती होती. गेल्या वर्षी त्यांनी नऊ जणांना समोर बसवून सांगितलं होतं, की तपासणी इथे करावी लागते म्हणून ही शेड आहे, उद्या ती लागली नाही तर तोंडदेखलं थांबा म्हणायला मला जमणार नाही. थोरले साहेब म्हणायचे, आधी इथले हात, मग नफा. धाकटे म्हणायचे, नफाच नसला तर हातांवर ठेवू काय? सुईबाईला दोघांचंही ऐकताना पटायचं, हीच तर पंचाईत होती.

कुलूपराव म्हणाला की तिकडच्या लोकांना दोन ओळी लिहून टाकू, पट्टी ठेवू नका म्हणून. मग त्याचं त्यालाच आठवलं की तिकडे जाणारा प्रत्येक कागद साहेबांच्या टेबलावरून जातो. सुईबाईला उलट हायसं वाटलं. मशीन न तपासता पाठवा, असं आपल्या नावावर कोणी लिहावं, हे तिच्या जिवाला सोसलं नसतं. हे मात्र ती त्याला बोलली नाही.

ठरलं ते असं. गुरुवारपर्यंत दोघांनी कामाच्या तासभर आधी यायचं, जमतील तेवढी खोकी उघडायची, पट्ट्या काढायच्या, खोकी पुन्हा चिकटवायची आणि ती रचून पुढे ठेवायची. दोनशे चाळीस खोकी होती. सगळी होणं शक्य नव्हतं, पण तपासनीस काही डोंगर खणायला येत नाही, असं कुलूपरावाचं म्हणणं पडलं.

सोमवार, मंगळवार, बुधवार. तिचा जीव टांगणीला लागला होता. हात काम करत होते, पण मन एका जागी बसेना. बाहेर ट्रक थांबला की ती दचकायची. शेजारच्या टेबलावरच्या जोडाऱ्याने दोनदा विचारलं, की बाई, या खेपेला माल फारच गुणी निघाला, एकही बाजूला नाही? तिने सांगितलं, असतं एखाद्या खेपेला. आणि मग, स्वतःचीच लाज वाटत असताना, तिने एका धडधाकट मशीनचा ताण स्क्रू फिरवून बिघडवला आणि ते त्याच्याकडे सरकवलं. एकतीस वर्षांत असलं काम तिने केलं नव्हतं. जोडाऱ्याने ते मन लावून दुरुस्त केलं, आणि वर म्हणाला, बघा, सापडलंच की.

पट्ट्या टाकून द्यायला तिचा हात धजेना. पिशवीत भरून ती त्या घरी न्यायची. बुधवारी संध्याकाळी तिने सगळ्या जेवणाच्या टेबलावर ओतल्या आणि एकेक सरळ करून लावत बसली. नवरा पलीकडे बसून शेजाऱ्यांचा पंखा खोलत होता. तो कंपनीच्या ओतकाम खात्यात बावीस वर्षं होता. खातं गेलं त्या दिवसापासून त्याने कंपनीचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. 'तुझं ते' एवढंच म्हणायचा.

लावता लावता तिला दिसलं, की काही पट्ट्यांवर वळसा डावीकडे नाही, उजवीकडे आहे. दहात तीन-चार तरी. तिचे हात थांबले.

दोन वर्षांपूर्वी तिकडून चार मुली सहा आठवड्यांसाठी शिकायला आल्या होत्या. सुईबाईला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना तिची. मध्ये एक दुभाषी होता, तो निम्मा वेळ फोनवर. चौघींतली एक डावखुरी. ती कापड दुसऱ्या हाताने फिरवायची, त्यामुळे तिचा वळसा हटकून उजवीकडे पडायचा. सुईबाईने दोन दिवस तिचं मनगट धरून डावीकडे वळवून पाहिलं, मग नाद सोडला. वळलं म्हणजे झालं, दोरा धरतोय ना? जायच्या दिवशी मात्र तिने दुभाष्याला फोन ठेवायला लावला आणि चौघींना एक गोष्ट सांगितली. पट्टी ठेवल्याशिवाय मशीन हातातून सोडायचं नाही, मग कोणी काही का सांगेना. डावखुरीने ते वाक्य आपल्या वहीत लिहून घेतलं होतं.

कंपनीने तिकडे लिहून कळवलं होतं, माल न तपासता पाठवावा, तपासणी इकडे होईल. दोन वर्षं तसंच चाललं. आता तिकडे कोणीतरी कंपनीचं मोडून सुईबाईचं ऐकलं होतं.

"त्या डावखुरीला बढती मिळाली असणार," सुईबाई म्हणाली.

नवऱ्याने मान वर केली. तिने त्याला सगळं सांगितलं, आधीपासून. त्याने ऐकून घेतलं, पंख्याचं पातं बाजूला ठेवलं.

"शिकवायला कोणी सांगितलं होतं?"

"साहेबांनी."

"मग तक्त्यात होतं तेवढं शिकवायचं. सरळ शिवण. वळसा कशाला शिकवलास?"

उत्तर होतं, पण ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. त्या मुलीचे डोळे ज्या बारकाईने बघत होते, त्या डोळ्यांपुढे अर्धंच काम करून दाखवायचं तिला सुचलंच नाही. आता ती स्वतःवर चडफडत होती. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, आणि वर तो नीट पडला म्हणून थोडं बरंही वाटत होतं. असला मूर्खपणा कोणाला सांगायचा?

नवरा बोलत राहिला. म्हणाला, तुम्हा लोकांना अजून वाटतं की कंपनी आपल्याला बांधलेली आहे. आमच्या भट्टीसमोर थोरल्यांनी हात जोडून सांगितलं होतं, तुम्ही माझी माणसं. खरंच वाटलं असेल त्यांना तेव्हा. पण माणसं मरतात, कंपनी राहते. "कंपनीला देश नसतो गं. पत्ता असतो. तो बदलता येतो."

"मग मी काय करायला हवं होतं? तिला खोटं शिकवायचं?"

टेबलावरची एक पट्टी त्याने उचलली, दिव्याजवळ धरली, डोळे बारीक करून बराच वेळ पाहिली. उजवीकडच्या वळशाची होती.

"टाका तुझ्यापेक्षा बारीक आहे," तो शेवटी म्हणाला, आणि पट्टी जपून परत ठेवली.

गुरुवारी तपासनीस अकराला आला. मऊ बोलणारा, बारीक अंगाचा माणूस, काखेत फाइल. अशी माणसं परवडत नाहीत. आरडाओरडा करणाऱ्याला गुंडाळता येतं, मऊ बोलणारा सगळं वाचतो. त्याच्याबरोबर धाकटे साहेब होते. त्यांनी शेडमध्ये आल्या आल्या नेहमीसारखं सगळ्यांना नाव न घेता नमस्कार केला आणि सुईबाईच्या टेबलापाशी येऊन थांबले. त्यांची ती जुनी जागा. शाळकरी असताना सुट्टीत वडिलांबरोबर यायचे तेव्हा याच टेबलाखाली बसून तिच्या वाया गेलेल्या पट्ट्यांच्या माळा करायचे.

तपासनीसाने पाटी लावताना पाहिलं, तेल देताना पाहिलं, सुईबाईने एक मशीन चालवून दाखवलं तेही पाहिलं. ती शिवत असताना कुलूपराव दाराशी उभा राहून किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात करत होता. सगळं सुरळीत झालं. तपासनीसाने फाइल मिटली, आणि जाता जाता, सहज म्हणावं तसा म्हणाला की एक खोकं माझ्यासमोर फोडून दाखवा. कुलूपराव पुढच्या रांगेकडे वळला.

"ते नको. मागचं. तळातलं."

जुडग्याचा आवाज थांबला. खोकं बाहेर निघालं, टेबलावर आलं. चिकटपट्टी सुईबाईनेच फाडली, कारण दुसऱ्या कोणाला फाडू दिली असती तर तिला हात मध्ये घालता आला नसता. तरी उशीरच झाला. मशीन वर आलं तेव्हा पायाखालची पांढरी पट्टी तपासनीसाच्या डोळ्यांसमोर होती.

"ही आधीच आहे?"

"माझीच आहे, साहेब," सुईबाई म्हणाली. तोंडातून निघून गेलं. "आम्ही दोघं लवकर येतो हल्ली. कामाचा बोजा फार आहे."

कुलूपरावाने लगेच री ओढली, की तपासून झालेली खोकी मी परत बांधून मागे सरकवतो, नाहीतर गोंधळ होतो. तपासनीसाने मान हलवली. त्याने पट्टी ओढून घेतली आणि सुईबाईने आत्ताच शिवलेली पट्टी टेबलावर होती, तिच्या शेजारी ठेवली. दोन्हींवरून बोट फिरवलं. शेडमध्ये कोणी हलत नव्हतं. नऊ जणांचं काय व्हायचं ते त्या दोन चिंध्यांवर येऊन ठेपलं होतं, आणि त्यांतल्या सात जणांना ते ठाऊकसुद्धा नव्हतं.

"इथे डावीकडे वळलंय. इथे उजवीकडे."

"हो."

"असं का?"

"हात दुखला की मी उजवीकडे वळवते. ताण कमी पडतो," सुईबाई म्हणाली. आणि खरं वाटावं म्हणून तिने डावं मनगट उजव्या हाताने थोडं दाबलं.

तपासनीसाने तिच्या मनगटाकडे पाहिलं. त्याचा चेहरा एकदम घरातल्या माणसासारखा झाला. म्हणाला, माझ्या आईचंही असंच होतं, आयुष्यभर शिवलं तिने, शेवटी पेलाही धरता येईना. जपा. मग त्याने फाइल उघडली, टेकवायला जागा शोधली आणि उभ्याउभ्याच सही केली. शिक्का वर्षभर पक्का झाला. दाराशी कुलूपरावाने एवढा मोठा श्वास सोडला की जोडाऱ्याने वळून बघितलं.

त्या सगळ्या वेळात धाकटे साहेब तपासनीसाकडे बघत नव्हते. ते टेबलावरच्या दोन पट्ट्यांकडे बघत होते. सुईबाईने ते पाहिलं. तपासनीस आज पहिल्यांदा तिची पट्टी बघत होता. साहेबांनी लहानपणी शेकडो हाताळल्या होत्या.

तपासनीसाला गाडीपर्यंत सोडून ते परत आले. इतर सगळे चहाला गेले होते. सुईबाई उठू लागली तर त्यांनी हातानेच बसा म्हटलं, आणि स्वतः टेबलाच्या कडेला उभे राहिले. उजवीकडच्या वळशाची पट्टी त्यांनी उचलली.

"हात कधीपासून दुखतो?"

"झाले थोडे दिवस."

"कधी बोलला नाहीत."

"त्यात काय बोलायचं, साहेब?"

त्यांनी अंगठा वळशावरून फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. मग मागे भिंतीपर्यंत रचलेल्या खोक्यांकडे पाहिलं, मघाशी तळातून काढलेल्या खोक्याच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. तिने बोलण्याची तयारी करून ठेवली होती, दुभाष्यापासून सगळं. पण ते रागावलेच नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर, मोठी अडचण आपोआप सुटली की माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं, ते आलं होतं, आणि ते आल्याचं वाईटही वाटत होतं.

"टाका छान आहे," ते म्हणाले. थोडं थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखं, "तपासनीसांनासुद्धा ओळखू आलं नाही."

पट्टीची त्यांनी व्यवस्थित घडी केली. एक, मग दुसरी. आणि ती शर्टाच्या खिशात ठेवली.

"हात दुखत असेल तर आता आराम करा, सुईबाई," ते म्हणाले. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं इतक्या मायेने म्हणाले. "खूप केलंत."

ते गेले. चहाला गेलेली माणसं हसत परत आली, जोडाऱ्याने तिच्यासाठी आणलेला कप तिच्या कोपरापाशी ठेवला आणि म्हणाला, चला, वर्षभराची ददात मिटली. तिने मान हलवली. समोरच्या मशीनचा पाय उचलून तिने स्वतःची पट्टी खाली सरकवली आणि पॅडलवर पाय ठेवला. आपण जे बोललो ते निदान खरं तरी करून ठेवावं, असं तिच्या मनात आलं. उद्या कोणी विचारलंच तर दाखवायला. वीतभर शिवण झाली. तिने सुई कापडात रोवली, दाबपाय उचलला, कापड उजवीकडे वळवायचं म्हणून दोन्ही हात त्याच्यावर ठेवले.

कापड डावीकडे वळलं. तिने सुई वर काढली, पट्टी उसवली, नवी घेतली. पुन्हा डावीकडेच वळलं.